पत्र क्रमांक सहा

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. माझा रंग एके काळी गडद निळा होता. आता त्याला रंग म्हणणं हा रंगाचा अपमान ठरेल. माझ्या पोटात दोन लोखंडी कड्या आहेत आणि त्या उघडमीट करायला एक खटका. तो मिटताना जो 'खट्' आवाज होतो, तो ऐकून माणसांना उगाच वाटतं, की आपलं आयुष्य व्यवस्थित लागलेलं आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. शुद्धीवर आले तेव्हा मी लंडनमधल्या एजवेअरच्या एका दुकानात होते, तिघी बहिणींच्या पॅकमध्ये. तिथून आम्हाला शार्दूल वैद्य नावाच्या गृहस्थानं उचललं. हा मूळचा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, आणि या देशात कायम राहायचा हक्क मिळवून स्वस्थ झालेला. त्याला लेबलांची फार हौस. थोरल्या बहिणीच्या पाठीवर त्यानं 'घर' लिहिलं, मधलीच्या पाठीवर 'गाडी', आणि माझ्या पाठीवर 'देवयानी'.

देवयानी ही त्याची बायको. दोन हजार चारच्या नोव्हेंबरात ती लग्न होऊन आली, तेव्हा तिच्या पासपोर्टवर दोन वर्षांची मुदत होती. मित्रांनो, तुमच्या आईबाबांचं लग्न झालं म्हणजे झालं. पण इथल्या कायद्याच्या मते परदेशातून आणलेली बायको आधी दोन वर्षं परीक्षेवर असते. मुदत संपत आली की दोघं अजून एका छपराखाली नांदतात हे सिद्ध करायचं, मग अट निघते आणि ती कायमची राहू शकते. "कुकरला पाच वर्षांची गॅरंटी असते," देवयानी म्हणाली. शार्दूलला विनोद कळला नाही. कुकरची गॅरंटी 'घर' फाइलमध्ये आहे, असं त्यानं सांगितलं.

सिद्ध कसं करायचं? प्रेमाची चौकशी कोणी करत नव्हतं, ही त्यातल्या त्यात सोय. हवी होती ती दोघांच्या नावानं आलेली सहा पत्रं. निदान पाच वेगवेगळ्या ठिकाणांहून, दोन वर्षांत विखुरलेली, आणि अस्सल, नक्कल चालणार नाही अशी. सहा म्हणजे काय, चुटकीसरशी जमतील, असं तुम्हाला वाटेल. शार्दूललाही वाटलं. पण शार्दूल हा कागदाचा वैरी. वीज, गॅस, फोन, बँक, झाडून सगळं त्यानं ऑनलाइन करून ठेवलं होतं, कारण त्यामुळे झाडं वाचतात. आणि तेही एकट्याच्या नावानं, कारण ते फॉर्म भरले तेव्हा देवयानी पुण्यात साड्यांना फॉल लावत बसली होती. पहिल्या वर्षअखेरीस माझ्या पोटात दोनच पत्रं होती, कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, एक आणि पाण्याचं एक. झाडं वाचली होती.

पुढच्या हिवाळ्यात देवयानीला दिवस राहिले होते. शार्दूलची आई, सुमनताई, पाचव्या महिन्यातच डिंक, अळीव आणि सल्ले घेऊन पुण्याहून आल्या. बाविसाव्या आठवड्यात ते बाळ गेलं.

मित्रांनो, नियम नीट समजून घ्या, मला नियम आवडतात. चोवीस आठवड्यांच्या आत गेलेल्या बाळाची इथे नोंद होत नाही. जन्माचा दाखला नाही, म्हणून मृत्यूचाही नाही. कागदोपत्री ते आलंच नाही, त्यामुळे गेलंही नाही. हॉस्पिटलमधल्या एका नर्सनं तरीही देवयानीला विचारलं, नाव काय ठेवलंय? ठेवलं काहीच नव्हतं. देवयानी म्हणाली, अनिश. शार्दूल त्या वेळी गाडी पार्क करायला गेला होता.

दहा दिवसांनी हॉस्पिटलचं पत्र आलं. वर टाइप केलेलं, 'मिस्टर अँड मिसेस एस. वैद्य'. मजकूर कॉम्प्युटरचा, दुःखाचा, पण नीट समास सोडून. आणि अगदी खाली त्या नर्सनं निळ्या पेननं एक ओळ लिहिली होती, अनिशची आठवण आम्हालाही राहील अशी. शार्दूलनं ते दारातच उभ्या उभ्या वाचलं आणि कसलं पत्र आहे ते आईला सांगितलं. सुमनताईंनी ते त्याच्या हातातून घेतलं, उंबऱ्याबाहेर हात काढून त्याचे चार तुकडे केले आणि दाराजवळच्या कागदांच्या डब्यात टाकले. मेल्याचं पत्र घरात ठेवत नाहीत, एवढंच म्हणाल्या. मग आत जाऊन त्यांनी हात धुतले.

त्या आंघोळीला गेल्यावर देवयानीनं डब्यातून चारही तुकडे शोधून काढले, मागून पुढून चिकटपट्टी लावली, कागद प्लास्टिकच्या कप्प्यात घातला आणि तो कप्पा माझ्यात, सगळ्यात शेवटी अडकवला. दुसरीकडे कुठे ठेवणार? त्या घरात तिच्या नावाची म्हणावी अशी जागा एकच होती, ती म्हणजे मी. रोज दुपारी, सासूबाई झोपल्या की ती मला उघडायची, शेवटच्या कप्प्यावरून बोट फिरवायची आणि खटका मिटायची. मला वाटायचं, किती व्यवस्थित मुलगी आहे.

ऑक्टोबरात अर्जाची वेळ आली. सुमनताई तोवर परत गेल्या होत्या. शार्दूलनं मला जेवणाच्या टेबलावर घेतलं आणि मोजलं. कौन्सिल, पाणी, डॉक्टर, डेंटिस्ट, टीव्हीचं लायसन्स. पाच. त्यानं पान उलटलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"अगं, हे आहे की. दोघांचं नाव आहे, पत्ता आहे, तारीख आहे."

"ते नाही द्यायचं."

"परत येतं सगळं. वर यादी जोडतोय मी."

"लायब्ररीला सांगते दोघांच्या नावानं काहीतरी पाठवायला."

"बारा दिवस राहिलेत, देवयानी. एक पत्र कमी पडलं म्हणून नाही म्हणाले, तर पुण्याला जाऊन पहिल्यापासून सुरू करशील? एक कागद आहे तो."

"हो," देवयानी म्हणाली. "एकच आहे."

 शार्दूलला ते संमतीसारखं वाटलं. आणि होतीच ती संमती. परीक्षेवर असलेल्या माणसानं हट्ट किती करायचा याला मर्यादा असते. निदान एक फोटोकॉपी काढ, एवढंच तिनं मागितलं. शार्दूलनं ऑफिसात सगळ्या कागदांच्या कॉप्या काढल्याही. फक्त चिकटपट्टीचा कागद यंत्रात अडकतो, म्हणून तेवढा एक सोडला. यादीत त्यानं लिहिलं, 'पत्र क्रमांक सहा: हॉस्पिटल'.

अशा रीतीनं मी नोकरीला लागले. व्हिसाच्या कचेरीतलं आयुष्य सांगण्यासारखं काही नाही, कारण तिथे काही होत नाही. मला एका उंच फळीवर ठेवलं. तिथे फायली आडनावानं लावत, त्यामुळे माझ्या शेजारी एक हिरवी फाइल आली. लीड्सची, तीही 'मिस्टर अँड मिसेस एस. वैद्य' यांचीच. तिचे मालक शशी वैद्य आणि त्याची बायको वीणा. हिरवीला भारी गर्व. तिच्याकडे आठ पत्रं होती. "तुझ्यातलं एक फाटकं दिसतंय," ती म्हणाली. मी म्हटलं, फाटकं असेल, पण 'मिस्टर अँड मिसेस' सगळ्यात ठळक त्याच्यावरच आहे. आमचं बरं चाललं होतं. आपली पाळी येईल असं आम्ही डिसेंबरात म्हणालो, मार्चमध्ये म्हणालो, मे महिन्यात म्हणायचं सोडलं.

घरी काय चाललं होतं ते मला नंतर थोरल्या बहिणीनं सांगितलं. देवयानी दर सोमवारी कचेरीला फोन करायची. अर्ज रांगेत आहे, असं उत्तर यायचं. शिक्का कधी मिळेल हे ती विचारतच नव्हती. शिक्का राहू द्या, तेवढा एक कागद आधी परत पाठवता येईल का, असं विचारत होती. पलीकडच्या माणसाला हा प्रश्न यादीत सापडत नव्हता. सारखे फोन केले तर ते लोक चिडतील आणि फाइल खाली घालतील, असं शार्दूल म्हणायचा. तिनं हॉस्पिटललाही विचारलं. पत्र पुन्हा छापून देऊ म्हणाले, पण बाळाचं नाव त्यात येणार नाही, कॉम्प्युटरमध्ये तशी जागा नाही. आणि ती नर्स नोकरी सोडून गेली होती.

जूनच्या शेवटी एका बाईंनी आम्हा दोघींना एकदम खाली घेतलं. एक आडनाव, एक आद्याक्षर, एकाच टेबलावर. आमच्या कड्या उघडल्या, कागद ताडून पाहिले. "काय नीटनेटकी फाइल आहे," त्या माझ्याबद्दल म्हणाल्या. मित्रांनो, आयुष्यातली माझी ही एकमेव शाबासकी. मग त्या जेवायला गेल्या आणि येऊन त्यांनी कागद भरले, माझ्यात सहा, हिरवीत आठ. माझ्यात सहावं जे आलं ते लीड्सचं गॅसचं बिल होतं. मला कळलं का? कळलं. पण वजन तेवढंच होतं आणि संख्या बरोबर होती. खट्.

जुलैत मी घरी पोचले. पासपोर्टवर कायमचा शिक्का होता. शार्दूलनं यादी समोर धरून पत्रं मोजली, सहाच्या सहा, आणि प्रत्येकावर बरोबरची खूण केली. मग आईला फोन लावायला गेला. देवयानीनं पासपोर्ट उघडलासुद्धा नाही. तिनं माझं शेवटचं पान काढलं आणि बराच वेळ गॅसचं बिल वाचत बसली.

लीड्सच्या वैद्यांचा नंबर डिरेक्टरीत मिळाला. फोन टेबलावर माझ्याशेजारी होता आणि तिनं स्पीकर लावला होता, कारण दोन्ही हातांनी तिनं गॅसचं बिल धरलं होतं. पलीकडे शशीची आई निघाली, सुलक्षणाबाई. सुनेच्या बाळंतपणाला आल्या होत्या. मराठी ऐकून खूश झाल्या.

"हो हो, आलं होतं गं तसलं एक. आमचं नव्हतंच ते. वीणाला नववा लागलाय, आणि नेमकं हिच्याच हातात पडलं. मीच घेतलं काढून."

"आहे का ते तुमच्याकडे?"

"छे गं, असलं कोणी घरात ठेवतं? दारातच फाडलं. तुमच्याकडेही कोणी जाणतं माणूस असणार, एकदा फाडलेलंच होतं. मग कुणा शहाण्यानं चिकटवून ठेवलं देव जाणे. मी मात्र अगदी बारीक केलं हो. आता काही काळजी नाही."

देवयानीनं गॅसच्या बिलाची घडी घातली. मग म्हणाली, "तुमचं गॅसचं बिल माझ्याकडे आलंय, मावशी. पाठवून देते."

"गुणाची गं. आणि तुझं काम झालं का?"

"झालं."

"मग देवापुढे साखर ठेव."

तिनं ठेवली. शार्दूलला बरं वाटलं.

बिल दुसऱ्या दिवशी पोस्टानं लीड्सला गेलं. पुढच्या रविवारी शार्दूलनं माझ्या पाठीवरचं लेबल नखानं खरवडून काढलं, कारण देवयानीचं काम आता संपलं होतं, आणि त्या जागी 'इतर' असं लिहिलं. आता मी लॉफ्टमध्ये असते. माझ्यात मिक्सरचं माहितीपत्रक आहे, पडद्यांच्या मापांचा कागद आहे आणि सगळ्यात शेवटी एक रिकामा प्लास्टिकचा कप्पा आहे. त्याच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीचा डिंक लागून राहिलाय. शार्दूलनं दोनदा तो कप्पा दुसऱ्या कामाला घ्यायचं म्हटलं. दोन्ही वेळा देवयानी शिडी चढून वर आली आणि तो परत माझ्यात अडकवून गेली.

तर मित्रांनो, तुम्ही चांगली मुलं आहात. कागद जपून ठेवा, ओल लागू देऊ नका, भोकं सरळ पाडा. आणि उद्या मोठे होऊन तुम्ही कुठल्या कचेरीत टेबलामागे बसलात आणि माझ्यासारखी एखादी तुमच्या समोर आली, तर पत्रं मोजण्याआधी एकदा शेवटचं पान वाचा. मी नाही सांगितलं त्या दिवशी. सहा होती ना, म्हणून गप्प बसले.