शिवरुद्र आप्पांच्या भिंतीवरची विभूती

ताडकळसात एका भिंतीला दाढी फुटली होती. खोटं वाटत असेल तर वाटो. पण त्या घरच्या मांजरीनं खुंटीवरची लव धरलेली टोपी पिल्लू समजून दोन दिवस चाटली, ते तरी खोटं कसं म्हणाल?

घर शिवरुद्र आप्पांचं. निजामी राजवटीचं ते शेवटचं वर्ष. दंगलीच्या धास्तीनं गल्लीतल्या सगळ्यांसारखी आप्पांनीही मागल्या खोलीची एकुलती खिडकी दगडमातीनं चिणून टाकलेली. त्याच खोलीत सात महिन्यांची पोटुशी सून नीलम्मा निजायची. श्रावणाच्या झडीत भिंत पाझरली आणि तिच्यावर पांढरी भुकटी उमटली.

"महादेव घरात विभूती पाडायलाय!" आप्पांनी हात जोडले. समई लागली, झाडू बंद झाला. "सून देवाच्या छायेतच बाळंत होईल," असा हुकूम सुटला. गाव दर्शनाला लोटलं. जो तो चिमूटभर कपाळाला लावी अन् पुडी बांधून नेई.

आप्पांच्या बायकोला, भागम्माला, मात्र सुनेचा खोकलाच ऐकू येई. तिनं भिंतीवर कोळशानं रेघ ओढली. सकाळी पांढरं त्या रेघेच्या वीतभर पुढं! दुसरी रेघ ओढली, तीही गिळली. तिसऱ्या दिवशी ते नीलम्माच्या उशाशी आलं, अन् तिला उठून बसल्याबिगर श्वास घेववेना.

घोंगड्या विकायला आलेला ग्यानबा धनगर उंबऱ्यातच थबकला.

"आक्का, राखेला असा कुजका वास नसतो. पावसाळ्यात आमच्या घोंगड्यांना बुरा धरतो, त्योच ह्यो."

"मग काय करू, दादा?"

"पहिले खिडकी उघडा. कोरडं झाडू नका, उडून छातीत बसंल. चुन्याच्या पाण्यानं भिजवून खरवडा, निघंल ते लांब नेऊन पुरा. मग वरून चुन्याचे दोन हात. अन् भिंत वाळंस्तोवर सुनंला ओसरीवर निजवा."

आप्पा आडवे आले. "देवाला खरवडतीस व्हय गं? धनगराच्या नाकावर भरवसा, अन् नवऱ्याच्या भक्तीवर न्हाई?"

"अवो, ही विभूती तुमी लिंगाच्या करंड्यातबी भरली ना? उघडा की."

आप्पांनी गळ्यातला चांदीचा करंडा तोऱ्यात उघडला. जन्मापासून छातीशी बाळगलेलं इष्टलिंग दिसेना. आत नुसती पांढरी लव, बोटभर लांब. वारा लागताच ती हलली.

"देवाचाच दम कोंडलाय," आप्पा पुटपुटले, अन् पहार घेऊन चिणलेल्या खिडकीवर तुटून पडले.

भागम्मानं भिजवलं, खरवडलं, चुना मारला. आठवड्यानं उघडीप पडली, खोलीत ऊन आलं, अन् कितीतरी दिवसांनी नीलम्मा आडवी होऊन शांत झोपली.

भागम्मा बादली विसळायला ओट्यावर आली. समोर दगडाबाईच्या घरात कुणीतरी खोकलं. मग शेजारच्या घरात. मग पार गल्लीच्या टोकाला.

भागम्माला त्या पुड्या आठवल्या. कुणाच्या देव्हाऱ्यात, कुणाच्या पाळण्यात, लेकराच्या उशाखाली. एक तर पाहुण्यानं पूर्णेहून आगगाडीनं पुढं नेलेली, कुठल्या गावी कोण जाणे.

तिनं बादली पुन्हा चुन्यानं भरली.

"अवो, पहार घ्या. दगडाबाईपासून धरू."