चौदा जानेवारीचा कॅमेरा

“हा पण बाद.” संघपालांनी तिसरा कॅमेरा काचेच्या काउंटरवर ठेवला. “प्रतिमा जुळंनात.”

औरंगपुऱ्यातल्या त्या दुकानाचा मालक कारभारी आता वैतागला होता. “काका, तिन्ही चालू हायेत. तुम्हाला कॅमेरा घ्यायचाय का आमची परीक्षा घ्यायचीय?”

“भंगार आणता अन् वरून पुसून ठेवता. परीक्षा मालाची हाय.”

“मग मोबाइलवर काढा की! ही यंत्रं आता लोक शोकेसमध्ये ठेवायला नेतात.”

संघपाल तडक बाहेर पडले.

पाटबंधारे कार्यालयातून अनुरेखक म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ. विद्यापीठाचा नामविस्तार झाल्यापासून दर चौदा जानेवारीला प्रवेशद्वारासमोर उभ्या राहणाऱ्या कुटुंबांची छायाचित्रे काढण्याचे व्रत त्याने अखंड पाळले होते. ज्या मुलीला आईच्या कडेवर टिपले, तिच्या कडेवरचे मूलही पुढे त्यानेच टिपले. त्या जुन्या कॅमेऱ्यातून पाहिले की मधोमध एक पिवळसर चौकोन दिसे आणि त्यात समोरच्या वस्तूच्या दोन प्रतिमा. भिंगाचे कडे फिरवीत त्या एकरूप केल्या, की अंतर अचूक साधले. संघपालांना तो क्षण अत्यंत पवित्र वाटे. महिन्यापूर्वी त्या कॅमेऱ्याचे शटर अडकले, आणि दुरुस्त करणारा कारागीर शहरात उरला नव्हता. चौदा तारीख तीन दिवसांवर आली होती.

सिटी चौकात नासिरभाईंनी कपाट उघडून दोन कॅमेरे काढले. संघपालांनी दोन्ही परत सरकवले.

“चाचा, मशीन एकदम चोख हाय. कायको उगा नावं ठेवता?”

“चोख? दोन-दोन दिसतंय त्यात!”

“हमको तो एकच दिसता!” नासिरभाईंनी कपाट धाडकन लावले.

गुलमंडीमागच्या गल्लीतले अरुंद दुकान रत्नमालाबाई पतीच्या पश्चात चालवीत. त्यांनी कापडात गुंडाळलेला एक कॅमेरा काढला, समोरच्या कापडदुकानाच्या पाटीवर धरला आणि कडे फिरवून संघपालांच्या हाती दिला.

“बसल्या बघा एकमेकींवर.”

संघपालांनी उजवा डोळा लावला. कडे इकडे फिरवले, तिकडे फिरवले. “नाय बसल्या.”

“नीट धरा, भाऊ.”

“बाई, तीस वर्षं हेच बघत आलोय मी! मला शिकवता?”

रत्नमालाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी कॅमेरा हळूच काढून घेतला. “आता कॅमेरा नाय. डावा डोळा झाका अन् उजव्यानं सांगा, पाट्या किती हायेत?”

संघपालांनी तळहाताने डावा डोळा झाकला. समोर एकीला चिकटून दुसरी फिकट पाटी उभी होती. सकाळपासून दुकानोदुकानी वाटलेल्या संतापाला आता कोणीच धनी उरला नाही.

“मोतीबिंदू असंल,” बाई म्हणाल्या. “आमचे मालकबी आधी भिंगालाच शिव्या द्यायचे.”

संघपालांनी कॅमेरा पुन्हा घेऊन डावा डोळा लावून पाहिले. त्या डोळ्याला पाटी एकच दिसली, पण धुकट. पिवळा चौकोन तर दिसेचना.

“सकाळपासून दोघांना नको ते बोललो मी.”

“ऑपरेशन करून घ्या. फोटो काय, पुढच्या साली निघतील.”

“पुढच्या साली समदे असतील, असं कोण सांगतं? सिल्लोडची सत्यभामा नव्वदीला टेकलीय. माझ्यासाठी उन्हात थांबून राहती ती.”

संघपाल खाली आपल्या पायांकडे पाहत होते.

“त्या कड्यावरचा तीनचा आकडा वाचता येतो का तुम्हाला?” त्यांनी बाईंना विचारले.

“येतो की.”

“तीन मीटरवर लावून द्या. माझी बारा पावलं भरतात तेवढ्याला.”

कॅमेरा छातीशी धरून त्यांनी काउंटरकडे पाठ केली आणि टाचेला पंजा भिडवीत ते मोजू लागले. एक, दोन, तीन. पाचव्या पावलाला उंबरा आला, आठव्याला रस्ता. बाजूने एक रिक्षा येऊन कचकन थांबली.

“ओ बाबा, मरायचंय का?”

संघपाल बाजूला झाले नाहीत. बारावे पाऊल टेकवून ते सावकाश वळले आणि त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. दुकानात रत्नमालाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या ताठ उभ्या राहिल्या. रिक्षावाला हॉर्न वाजवीतच होता.