गुडघ्यावर दोन बोटं

"काका, ही तिसरी खेप," असं म्हणत गॅरेजवाल्याने गिअरबॉक्समधलं एक चक्र माझ्या तळहातावर ठेवलं. त्याचे दात माझ्या दातांसारखेच झाले होते. "गाडी चालवता की कुटता?"

लेक मागेच उभी होती. तिला तेवढंच हवं होतं.

"बाबा, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झालाय हा! एवढ्यात नव्या गाडीचे निम्मे हप्ते फिटले असते."

"गाडी चांगली आहे," मी म्हणालो.

"गाडी चांगलीच आहे," गॅरेजवाला म्हणाला. "इंजिन ठणठणीत, पत्रा शाबूत. मग गिअरबॉक्सच का जातो? चला, माझ्या गाडीत बसा. चालवून दाखवा मला."

मी त्याची गाडी बाहेर काढली. तो शेजारी, लेक मागे. सरळ रस्त्याला लागलो तसा तो चुळबुळ करू लागला, मग त्याने चक्क कानांवर हात ठेवले.

"अहो काका, बदला की गिअर! ऊर फुटेल तिचा!"

मी बदलला.

"एवढा वेळ कशाची वाट बघत होता?"

समोरच्या आरशात लेकीचे ओठ हलले. "आईची," ती म्हणाली.

माझा उभा जन्म पत्रे ठोकण्यात गेला, आणि त्यातच कानही गेले. तोंडासमोर बोललेलं समजतं, पण इंजिनाची घरघर मला कधी ऐकूच आली नाही. ती ऐकायची ही, लेकीची आई. शेजारी बसून शेंगा सोलत असो की पेंगत असो, इंजिन कण्हायला लागलं की माझ्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवायची. मी गिअर बदलायचो. लोकांना वाटायचं, काय सराईत हात आहे! ही मला म्हणायची, "गाडी मी चालवते. तुम्ही नुसतं चाक धरता."

ती गेली. पाय क्लचवर जातो आणि तिथेच थांबतो. डोक्याला कळतं. गुडघ्याला अजून कळलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात लेक मला नव्या गाड्यांच्या दुकानात घेऊन गेली. "हिला गिअर बदलावाच लागत नाही, बाबा. तिचं तीच बघते." मी चालवून पाहिली. लोण्यासारखी गेली. खोट काढायला जागा नव्हती. फक्त त्या गाडीला शेजारी कुणी बसायची गरजच नव्हती.

परत येताना मी लेकीला म्हणालो, "जुनीच दुरुस्त करू."

"आणि पुन्हा चक्रं झिजवू?" ती चिडली. मग माझ्याकडे बघून तिचा आवाज उतरला. "मी किती वेळा येऊन बसणार शेजारी?"

तोड गॅरेजवाल्याने काढली. दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स बसवला आणि वेगाच्या काट्यावरच्या काचेवर लाल रंगाचे ठिपके दिले. "काटा ठिपक्याला आला की बदलायचं. कान नकोत की कुणी नको. असं चालवाल तर गाडी तुम्हाला पुरून उरेल. नाहीतर पुढच्या खेपेला भंगारवाल्याला बोलवा, मला नको."

मी ठिपके पाळतो. लेक म्हणते, बाबा सुधारले. गॅरेजवाला तर मला विसरूनच गेला असेल. पहिले काही दिवस ठिपका आला की माझा हात आपोआप गिअरवर जायचा आणि मला चोरी केल्यासारखं वाटायचं. हिची वेळ व्हायच्या आत मीच उरकून टाकलं होतं.

आता बरं चाललंय. फक्त पुलापलीकडे जो मोकळा रस्ता लागतो ना, तिथे एकदा मी काटा ठिपक्याच्या पुढे जाऊ देतो. फार नाही. चक्राचा दात झिजला तर केसभर झिजेल, तेवढा खर्च मला झेपतो. मग बदलतो.