गोठा पाडायला आलेला भाऊ

गोठा दुरुस्त करायचा की पाडायचा, हे दोघांनी बसून ठरवू, असं धाकट्या भावानं कबूल केलं होतं. पण तो पहाटेच सुताराला घेऊन आला. पूजा होईपर्यंत मी मौन पाळते, हे त्याला ठाऊक आहे.

"ताई, पाडू ना? नको असेल तर आत्ताच सांग."

मी जोरात मान हलवली.

सुतार चाचरला. "अहो, त्या नाही म्हणतायत."

"छे! जप करताना ती अशीच डोलते. चढ तू वर."

पहिलं कौल फुटलं तशी मी माळ खाली ठेवली. "उतरा. अर्धा गोठा माझा आहे."

सुतार निमूट उतरला.

भाऊ हसला. "एका गोठ्यापायी व्रत मोडलंस?"

"गोठ्यापायी नाही रे," मी म्हटलं, "तुझ्यापायी."