एनिडच्या हातातले स्टॉपवॉच

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे. इंग्लंडच्या उत्तरेला हॅल्स्टन नावाचे गिरणगाव आहे. तिथल्या मॉड प्रॅट या म्हातारीच्या स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्यामागे मी पडून असते. माझ्या तबकडीवर एका सेकंदाचे पाच भाग पाडलेले आहेत. एका पंचमांशाचीही चूक माझ्या हातून कधी झाली नाही. तरीही जे घडले ते माझ्याच नावावर घडले, म्हणून आज सांगायला बसले आहे.

माझी पहिली नोकरी कापड गिरणीत होती. मुकादम मला हातात घेऊन मागांमधून फिरे आणि कोणती बाई तुटलेला धागा किती वेळात जोडते ते मोजे. नाक शिंकरायला लागलेला वेळसुद्धा मला मोजावा लागे. 'आलं बघ मेलं ते,' असे म्हणून बायका तोंड फिरवत. माझा मत्सर करावा असे माझ्यात काहीच नव्हते. पण राग मात्र सगळ्यांना येई. पुढे गिरणीत नवी घड्याळे आली आणि मला भंगाराच्या खोक्यात टाकण्यात आले. तिथून मला उचलले ते कचेरीत कारकुनी करणाऱ्या एनिड गार्साइडने.

तिला मी हवे होते तिच्या भावासाठी. नेव्हिल तिच्याहून नऊ वर्षांनी धाकटा. आई लवकर गेल्यामुळे त्याला एनिडनेच वाढवलेले. तो धुलाईवाल्याची गाडी चालवत असे, आणि ती अशी चालवे की गिऱ्हाइकांचे इस्त्रीचे शर्ट चुरगळून पोचत. त्याचा दोस्त सिरिल प्रॅट मेकॅनिक होता. दोघांनी मिळून प्रार्थनामंदिरामागच्या छपरीत तीन मोडक्या गाड्यांमधून एक धावती गाडी उभी केली. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. ओस पडलेल्या विमानतळांवर गवताच्या पेंढ्या रचून मोटारींच्या शर्यती लावत. पहिल्या शर्यतीला एनिड थर्मासमध्ये चहा, पावाला मुरंबा आणि मला घेऊन गेली.

फेऱ्या संपवून नेव्हिल आला. तोंड तेलाने काळे झालेले, फक्त चष्म्याच्या जागी दोन पांढरी वर्तुळे.

"किती, एनिड?"

"एक मिनिट बेचाळीस. आणि दोन पंचमांश."

"अगं, दोन पंचमांश तरी सोड की!"

"का? ते काय माझ्या बापाचे आहेत सोडायला?"

सिरिल हसत म्हणाला, "हिच्याशी लग्न करील त्याची काही खैर नाही. उशिरा घरी आला तर पंचमांशासकट ऐकवेल."

"म्हणून तर होत नाहीये," नेव्हिल म्हणाला आणि एनिडने हातातली वेळा लिहायची पाटी त्याच्या पाठीत हाणली.

ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो. एनिड पावसात उभी राही, बोटे गारठून निळी पडत, पण माझ्यावरचा अंगठा कधी चुकला नाही. तिचा वेळांचा तक्ता इतका चोख असे की इतर संघांचे लोकही तिच्याकडे येऊन विचारत, 'मिस गार्साइड, आमच्या गाडीची वेळ काय हो?' गिरणीत ज्या मला शिव्या बसल्या, त्या माझ्याकडे आता लोक आदराने वाकून पाहत.

नेव्हिलला मोठ्या संघाने घेतले. त्याने अट घातली, की सिरिल आणि एनिड बरोबर येणार. फ्रान्स झाले, इटली झाली. आठव्या वर्षी त्याने अजिंक्यपद जिंकले. हॅल्स्टनमध्ये बँड वाजला, महापौरांनी भाषण केले, मटणाच्या पेस्ट्रींची ताटेच्या ताटे रिकामी झाली. नगरभवनाच्या सज्जात नेव्हिलने एनिडला दंडाला धरून पुढे ओढले. "मी जिंकलो हे मला हिनं सांगितल्याशिवाय खरं वाटत नाही," तो गर्दीला म्हणाला. एनिड लाजून लाल झाली. मी तिच्या मुठीत होते. तिचा तळवा घामेजला होता.

पुढच्याच हंगामात, परदेशातल्या एका ओल्या वळणावर, त्याची गाडी रस्ता सोडून झाडीत शिरली. तीन आठवडे तो शुद्धीवर नव्हता. एनिडने संघाचे काम बाजूला ठेवले. त्याला चमच्याने सूप भरवले, पुन्हा बुटाची नाडी बांधायला शिकवले. हिवाळाभर तो खिडकीशी बसून असे. कुणी भेटायला आले की हसे. ते गेले की भिंतीकडे तोंड करून रडे.

त्याच्या उजव्या डोळ्यात काहीतरी बिनसले होते. टेबलाच्या उजव्या कडेला तो कप ठेवायला जाई आणि कप खाली पडून फुटे. एनिड तुकडे गोळा करी आणि काही न बोलता सगळी भांडी डावीकडे मांडी. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवून बघू द्या. संघाच्या मुख्यांनी सांगितले, "जुन्या विमानतळावर दहा फेऱ्या मारू दे. एका तरी फेरीत एक मिनिट तीसच्या आत आला तर गाडी त्याची. वेळ मिस गार्साइड घेतील. त्यांच्या शब्दावर मला दुसरं घड्याळ नको."

मार्चमधली ती सकाळ मला लख्ख आठवते. वारा होता, ऊन होते. नेव्हिल दहा फेऱ्या धावला. एक बत्तीस. एक बत्तीस आणि एक पंचमांश. एक तेहतीस. उजव्या वळणांना गाडी बिचकत होती. दहाही फेऱ्यांत तो एकदाही बत्तीसच्या आत आला नाही.

तो उतरला. शिरस्त्राण काढले. कितीतरी महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

"किती, एनिड?"

तिने माझ्याकडे पाहिले. सिरिल तिच्या खांद्यामागे उभा होता, त्यानेही पाहिले. माझे काटे बत्तीसवर स्थिर होते. यापेक्षा स्पष्ट मी काय सांगणार होते?

"एक एकोणतीस," एनिड म्हणाली. "आणि तीन पंचमांश."

खोटेसुद्धा तिने पंचमांशासकट सांगितले. आणि मला पटकन कोटाच्या खिशात टाकले. खिशातल्या अंधारात तिने मला मुठीत घट्ट आवळले. बाहेर नेव्हिल ओरडत होता, "बघितलंस सिरिल? बघितलंस?"

सिरिलचा आवाज जरा उशिरा आला. "बघितलं, लेका."

मे महिन्यात शर्यत झाली. एकोणिसाव्या फेरीला पेट्रोल भरायला नेव्हिल आत येणार होता. रस्त्याच्या उजव्या अंगाला संघांची माणसे उभी असतात, तिथेच सिरिल हात वर करून पुढे झाला; गाडी नेमकी कुठे थांबवायची ते दाखवायला. वर्षानुवर्षे तो तसाच उभा राहत आला होता. नेव्हिल वळला. तो फार आत वळला, कारण उजवीकडे उभा असलेला सिरिल त्याला दिसलाच नाही.

मी एनिडच्या हातातून काँक्रीटवर पडले. माझ्या काचेला तडा गेला तो तेव्हाचा. सिरिल दवाखान्याच्या वाटेवरच गेला. त्याच्या बायकोला, मॉडला, निरोप पोचला तेव्हा ती त्याचेच मोजे रफू करत होती.

चौकशी झाली. रस्ता ओला होता, ब्रेक उशिरा लागले, अपघात, असा निकाल लागला. माझ्याबद्दल कुणी विचारलेच नाही. एनिड एकदा बाकावरून अर्धवट उठली. पण शेजारी नेव्हिल बसला होता, मान खाली, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरलेले. त्याच्याकडे पाहून ती खाली बसली.

अंत्यविधीनंतर आठव्या दिवशी ती मला घेऊन मॉडच्या दारात आली. आत आली नाही. उंबऱ्यावर उभ्या उभ्याच तिने सगळे सांगितले.

"सिरिलला माहीत होतं?" मॉडने विचारले.

"माझ्या खांद्यावरून त्यानं पाहिलं होतं."

"आणि गप्प बसला?"

"गप्प बसला."

"मूर्ख मेला," मॉड म्हणाली, आणि पदरासारखा एप्रन तोंडात कोंबून हमसाहमशी रडली. सावरल्यावर तिने हात पुढे केला. "ते घड्याळ इथं ठेव. आणि परत येऊ नकोस, एनिड. आलीस तर मी तुला काहीतरी बोलेन, आणि मला ते बोलायचं नाहीये."

तेव्हापासून मी इथे आहे. मॉडने मला फेकून दिले नाही आणि कधी किल्लीही दिली नाही. एनिड आणि नेव्हिल चार गल्ल्या सोडून त्याच घरात राहिले. नेव्हिलने पुन्हा गाडीला हात लावला नाही. बसच्या आगारात सुट्या भागांच्या खिडकीवर तो नोकरी करू लागला. शनिवारी दोघे बाजारातून भाजी नेताना मॉड त्यांना खिडकीतून पाही. बहीण नेहमी भावाच्या उजव्या हाताला चालत असे.

एकोणीस वर्षे गेली. एका दुपारी नेव्हिल एकटाच आला. केस पांढरे झालेले. मॉडने त्याला आत घेतले, किटली चढवली.

"एनिड गेली. मंगळवारी," तो म्हणाला.

"कळलं मला."

"तिच्या शिवणाच्या डब्यात हे सापडलं." त्याने घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला. मार्चमधल्या त्या सकाळचा तक्ता होता तो. एक बत्तीस, एक बत्तीस आणि एक पंचमांश, एक तेहतीस. दहाही ओळी तिच्या नेटक्या अक्षरात, एकही खोडलेली नाही.

"मला ठाऊक होतं, मॉड," नेव्हिल म्हणाला.

"काय ठाऊक होतं?"

"बत्तीस. गाडी चालवणाऱ्याला आपली वेळ अंगात कळते. ती एकोणतीस म्हणाली. मी म्हटलं, एनिड म्हणतेय ना, मग असेल. मला तेच ऐकायचं होतं आणि तिला ते माझ्या तोंडावर दिसलं."

"मग तिला कधी सांगितलं का नाहीस?"

त्याने कागदाची घडी पुन्हा घातली. "सांगितलं असतं तर सिरिलला मी मारलं हे कबूल करावं लागलं असतं. न सांगता ते तिच्याकडे राहिलं. रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा घ्यायची ती. मी काही कळत नाही असं दाखवायचो. एकोणीस वर्षं मी ते ओझं तिला एकटीला उचलू दिलं."

"तिनं मला सगळं सांगितलं होतं," मॉड म्हणाली. "आठव्या दिवशी. मी तिला दारातूनच परत पाठवलं. वाटायचं, एखाद्या शनिवारी हाक मारावी. मारली नाही."

किटली शिट्टी घालू लागली. दोघांपैकी कुणीही उठले नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या घड्याळांना वेळच्या वेळी किल्ली द्या, धुळीत टाकू नका, हे तर मी सांगेनच. पण आणखी एक मागणे आहे. तुमच्यावरच्या मायेपोटी कुणी चुकले असेल, आणि त्या चुकीत तुमचाही वाटा असेल, तर त्या माणसाजवळ जा आणि 'मला ठाऊक होतं' एवढे म्हणा. एनिडला तिच्या हयातीत ते कुणी म्हटले नाही. नेव्हिलने ते मॉडला म्हटले तेव्हा मी बंदच होते. पण आयुष्यभराच्या सवयीने सांगते, ते म्हणायला दोन सेकंदही लागले नाहीत.