पेडगाव दोनची तोड

आमच्या ह्यांना हुशार म्हणूनच माझ्या वडिलांनी पसंत केलं होतं, आणि हे हुशार आहेतच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. औरंगाबादहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आले आणि साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात टेंपररी लागले. तेव्हापासून आमच्या घरात जेवताना भाकरी कमी आणि कॉम्प्युटर जास्त असं झालं.

कोणाचा ऊस कधी तोडायचा हे शेतकी खातं ठरवतं. ज्याच्या उसाची लागण, म्हणजे लागवड आधी, त्याची नोंद आधी आणि त्याचीच तोड आधी. नोंदीला गावाची अक्षरं असायची. पेडगावसाठी इंग्रजीत पी, ई, डी आणि त्याला चिकटून आकडा. माझे सासरे लिंबाजी, त्यांना मी मामंजी म्हणते, लागणीला कधी मागे राहत नसत. त्या साली त्यांचा नंबर होता पीईडी दोन. एक नंबर भगवानरावांचा.

भगवानराव कारखान्याचे डायरेक्टर. मागच्या निवडणुकीत मामंजींनी त्यांच्याविरुद्ध उघड काम केलं होतं आणि मामंजींच्या बाजूचं पॅनेल पडलं होतं. तेव्हापासून दोघांत रामराम बंद. मामंजींना त्याचं काही वाटत नव्हतं. ते कुणाच्या दारात जाणारे नव्हते आणि सगळ्या पेडगावाला हे माहीत होतं.

त्या साली सगळी नोंद कॉम्प्युटरवर गेली. अक्षरं आणि आकडा एकाच खान्यात चिकटलेले असले की मशीनला आकडा आकडा म्हणून कळत नाही, म्हणून ह्यांनी फॉर्म्युला लिहिला. पहिली तीन अक्षरं एका खान्यात, उरलेला आकडा शेजारच्या खान्यात. सगळ्या गावांच्या नोंदी क्षणात सुट्या झाल्या. खात्याच्या साहेबांनी पाठ थोपटली. घरी येऊन ह्यांनी मी सोललेल्या लसणाच्या पाकळ्या मांडून मला सगळं समजावलं आणि मामंजींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आता कोण्या डायरेक्टरचं काई चालणार न्हाई. मशीनला पॅनेल कळत न्हाई." मामंजी बाहेर बाजेवर बसले होते. खूश झालेले मला दिसले.

हंगाम सुरू झाला. भगवानरावांचा ऊस सगळ्यांत आधी गेला. ते बरोबरच होतं. मग दहा नंबर गेला, पाठोपाठ शंभर आणि एकशे एक, आणि नेमके ते भगवानरावांच्या भावकीतले. मग अकरा आणि त्याच्यामागून एकशे दहाच्या पुढचे सुरू झाले. आमचा ऊस उभाच. त्याला तुरे आले. तुरा आला की ऊस आतून पोकळ पडत जातो, हे सांगायला शेतकी खातं लागत नाही.

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. कुणालाही नवल वाटलं नाही. ऊसतोड टोळीच्या मुकादमाला वाटलं, वरून हुकूम असेल. साहेबांना वाटलं, चेअरमनची मर्जी असेल. आमच्यासारखेच मागे राहिलेले जे होते, ते आपापल्या चुका आठवत बसले. कुणी भगवानरावांच्या घरच्या लग्नाला गेला नव्हता, कुणी सभेतून मधेच उठला होता. उसाचा क्रम चुकलाय असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. इतकी आम्हा लोकांना मर्जीची सवय.

"मामंजींचा नंबर कुठं हाय ते बघा तरी," मी ह्यांना म्हणाले. "आपला ऊस वाळायलाय आन तुमी मशीनचं कवतिक सांगायलाय."

"सोताच्या बापाचा नंबर बघाया लागलो, तर भगवानरावात आन माझ्यात काय फरक ऱ्हायला?"

वाक्य चांगलं होतं, म्हणून मी गप्प बसले. चांगल्या वाक्यांनी आमच्या घराचं नेहमीच नुकसान केलं आहे.

जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या आठवड्यात तणावामुळे एस.टी.चा भरवसा नव्हता. हे कारखान्यावरच अडकले. त्याच दिवसांत एका संध्याकाळी मामंजी न सांगता बाहेर गेले. परत आले ते उघड्या डोक्याने, पटका हातात. सुनेसमोर ते कधी असे आले नव्हते. मी घाईने आत गेले. सासूबाईंनी नुसतं ताट वाढलं. ते जेवले नाहीत.

सकाळी नळावर शेजारच्या तानुबाईने सांगितलं. मामंजींनी भगवानरावांच्या ओट्यावर, चार माणसं बसलेली असताना, पटका काढून त्यांच्या पायांवर ठेवला होता. भगवानराव "बघू" म्हणाले आणि दुसऱ्याशी बोलत राहिले. पटका उचला असं काही म्हणाले नाहीत. शेवटी मामंजींनी तो आपला आपणच वाकून उचलला. माझी घागर भरून वाहत होती, मला भान नव्हतं.

दुपारी एस.टी. सुरू झाली आणि हे आले. चुलीपाशी माझ्याजवळ बसून हळूच सांगू लागले. रिकामा वेळ मिळाला म्हणून त्यांनी शेवटी बापाचा नंबर शोधला होता. तो सापडला एकोणीसच्या खाली. फॉर्म्युल्याने आकडा अक्षरांतून सुटा केला होता, पण मशीनच्या लेखी तो अजून अक्षरच होता. त्याचा खरा आकडा करणारा एक शब्द लिहायचा राहून गेला होता. म्हणून शब्दकोशात लावतात तसा क्रम लागला. एकने सुरू होणारे सगळे आधी, म्हणजे एक, दहा, शंभर, मग अकरा, एकशे दहा, असं करत एकोणीस. मग कुठे दोन.

"कुणाला सांगितलं न्हाई. गुपचूप दुरुस्त केलं. उद्या सकाळी आपली तोड हाय," ह्यांनी सांगितलं. चेहऱ्यावर सुटकेचं हसू होतं.

मग मी त्यांना पटक्याचं सांगितलं. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, फक्त त्यात काही उरलं नाही. मला वाटलं होतं मी भांडेन. भांडता आलं नाही.

हे उठून बाहेर गेले. मामंजी बाजेवर होते.

"दादा, भगवानरावानं आपला ऊस अडवलाच न्हवता. चूक माझी हाय. माझ्या फॉर्म्युल्याची."

मामंजींनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "मंजी त्येचा काईच संबंध न्हवता?"

"न्हाई."

"हे कुणाकुणाला म्हाईत हाय?"

"कुणालाच न्हाई. कळलं तर काढून टाकतील. पर मी आत्ता जातो, भगवानरावाला सांगतो, तुमचा पटका..."

"बस खाली," मामंजी म्हणाले. त्यांच्याकडे बघायची ह्यांची हिंमत नव्हती. लाजेनं माणूस लहान दिसतो, हे मी त्या दिवशी माझ्याच नवऱ्याकडे बघून शिकले.

सकाळी टोळी आली. कोयते चालू झाले, आणि थोड्या वेळात भगवानरावांची जीप आमच्या अंगणात. बाजेवर ऐसपैस बसून ते म्हणाले, "काय लिंबाजी, झालं का मनासारखं? चेरमनला मी सांगितलं, मानूस चुकला, पर दारात आला. आता ताणू नका."

हे पुढे झाले. "काका, ही तोड..."

"वैजू," मामंजी ह्यांना मधेच म्हणाले, "चहाचं बघ आत जाऊन."

हे जागचे हलेनात. मामंजींनी पुन्हा तेच सांगितलं, तेव्हा आत आले आणि दारामागे उभे राहिले.

बाहेर मामंजींनी हात जोडले. "मालक, तुमचे लय उपकार झाले." जन्मात त्यांनी कुणाला मालक म्हटलं नव्हतं.

भगवानराव हसले. "आता आपल्यात परकेपणा न्हाई. आजून काई असंल तर सांग."

मामंजींचे हात अजून जोडलेलेच होते.

"पोरगं टेंपररी हाय, मालक. तेवढं त्येला पर्मनंट करून घ्या."

दारामागे हे भिंतीला टेकून खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी चहा गाळत होते. कप भरले तरी वर बघायची मला लाज वाटली.