कर्ता ओळखा

बायको घर सोडून गेली की गावाला बोलायला तोंड फुटतं. आमच्या कळंबला तर ते आधीपासूनच फुटलेलं आहे. चांगुणा येडशीला भावाकडे गेली त्याला आज अकरा दिवस झाले, आणि या अकरा दिवसांत ज्यांना मी शाळेत कधी तरी धड वाक्य लिहायला शिकवलं, त्या सगळ्यांनी मला शहाणपण शिकवलं. किराणा दुकानदारानं शिकवलं. दूधवाल्यानं शिकवलं. पुण्याहून आमच्या प्रसेनजितनं फोनवर शिकवलं, "बाबा, तुम्ही स्वतः जा आणि आईला घेऊन या." का? मी काय केलं होतं? मी चूक दुरुस्त केली होती. चौतीस वर्षं सरकारनं मला त्याचाच पगार दिला.

सांगतो काय झालं ते, मग तुम्हीच बोला.

वर्षावासात आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन होतं. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने, आणि गेली नऊ वर्षं ते मी करत होतो. माझा आवाज खणखणीत आहे, उच्चार स्वच्छ आहेत, हे मी सांगत नाही, लोक सांगतात. यंदा मात्र दीपालीनं नवीन टूम काढली. दीपाली म्हणजे आमच्या गल्लीतली, सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ती म्हणाली, यंदा रोज एका घरातली बाई वाचेल, एकच पान, पण प्रत्येक घराची पाळी येईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला विचारलं नाही. मी तेव्हाच बोलणार होतो, पण गप्प बसलो. हा माझा संयम कुणी मोजला नाही.

राग या विषयावर मला कुणी काही सांगू नये. रोज सकाळी पंचशील म्हणतो आणि पाळतो. पाच शीलं आहेत, त्यांत राग नाही. मी कितीदा तरी बघितलंय. ध्यानाचं दहा दिवसांचं शिबिरसुद्धा मी दोनदा केलंय. तिथं दहा दिवस मौन असतं, कुणी कुणाशी बोलत नाही, आणि दोन्ही वेळा मला एकदाही राग आला नाही. म्हणजे दोष माझ्यात नाही, बोलणाऱ्या लोकांत आहे, हे सिद्धच झालं.

तर आमच्या घराची पाळी आली. मी म्हटलं, आमच्या घरून कोण वाचणार, चांगुणाला तर वाचता येत नाही. त्या संध्याकाळी चांगुणा पांढरी साडी नेसून पुढं गेली, मांडी घालून बसली, ग्रंथ उघडला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागली. मी उडालो. लग्नाला सदतीस वर्षं झाली, ही बाई सही करायची तीसुद्धा चित्र काढल्यासारखी. उन्हाळाभर दुपारी दीपालीकडे जाऊन ती वाचायला शिकली होती आणि मला तिनं याचा पत्ता लागू दिला नव्हता.

आता कुणालाही वाटेल की मला आनंद झाला असेल. झालाही असता. पण दुसऱ्याच ओळीत ती 'कारन' म्हणाली. मी हळूच म्हणालो, "कारण." तिनं मान हलवली, पुढं गेली, आणि 'प्रानी' म्हणाली. मी जरा मोठ्यानं म्हणालो, "प्राणी. ण. जीभ वर ने." बायका माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्याकडे काय बघायचं, ग्रंथाकडे बघा. मग आला 'मरन'. तिथं माझा आवाज चढला, सतरंजीवर हात आपटला आणि तोंडून शब्द गेला, "अडाण्यासारखं वाचू नकोस."

चांगुणाचं बोट त्या ओळीवर थांबलं. मग तिनं ग्रंथ मिटला, समोरच्या दोन्ही प्रतिमांना वाकून वंदन केलं आणि मागं बायकांत जाऊन बसली. उरलेलं अर्धं पान दीपालीनं वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणानं माझ्यासाठी चपात्या केल्या, फडक्यात गुंडाळून ठेवल्या आणि पिशवी घेऊन स्टँडवर गेली.

एवढंच. मारलं नाही, शिवी दिली नाही. एक शब्द गेला. त्याच्यासाठी अकरा दिवस?

फोन केला की ती "हां" म्हणते आणि ठेवते. दीपालीला तिच्यामुळे झालेला घोळ समजावून सांगायला मी मुद्दाम तिच्या दारात गेलो. ही शिकवणारी, हिनं आधी उच्चार घोटून घ्यायला नको होते का? तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सर, काकूंनी वाचलं ते काय व्हतं?"

"काय होतं म्हणजे? तीन ठिकाणी ण चा न केला."

"ते न्हाय. मजकूर काय व्हता?"

मला शब्द तीनच आठवत होते. ती एवढंच म्हणाली, "काकूंनी त्ये पान महिनाभर घोटलं व्हतं सर. मला म्हनाल्या, ह्यांनी आयुष्यभर समद्या गावाच्या पोरांना शिकिवलं, एकदा माझं बी ऐकतील." आणि ड्युटीची वेळ झाली म्हणून आत गेली. मी रस्त्यानं तणतणत घरी आलो. माणसाला असं कोंडीत पकडणं हेही बरं नव्हे.

घरी आल्यावर ठरवलं, पत्र लिहायचं. फोनवर माणूस मधेच तोडतो, पत्राला पुरतं वाचावं लागतं. फुलस्केप घेतला, समास पाडला आणि भरभर लिहून काढलं. "चांगुणा, त्या दिवशी मला राग आला हे खरं. तुझे उच्चार ऐकून माझा आवाज चढला. सतरंजीवर हात आपटला. तोंडून एक शब्द गेला. त्यामुळे तुझं मन दुखावलं गेलं असेल. पण तू आधी मला विचारलं असतंस तर हा प्रसंग आला नसता." अजून बरंच होतं. समतोल, सभ्य, एकही शब्द वावगा नाही. वाचून माझं मलाच समाधान वाटलं.

मग सवयीनं लाल पेन घेतलं. चौतीस वर्षांची सवय आहे, लग्नाची पत्रिका आली तरी मी आधी शुद्धलेखन बघतो. काना-मात्रा तपासून झाल्या, चूक सापडली नाही, तेव्हा सातवीच्या वर्गाला द्यायचो तसा स्वतःलाच स्वाध्याय दिला. कर्ता ओळखा. रीत सोपी आहे, मी ती हजारो पोरांना शिकवली. क्रियापदाच्या धातूला 'णारा' लावायचा आणि 'कोण' असं विचारायचं. जे उत्तर येईल तो कर्ता. 'मला दूध आवडते' या वाक्यात पोरं हटकून 'मला' सांगतात आणि मार्क घालवतात. आवडणारं कोण? दूध. कर्ता दूध. 'मला' नव्हे रे, असं मी फळा बडवून सांगायचो.

मला राग आला. येणारा कोण? राग. राग या शब्दाखाली लाल रेघ.

माझा आवाज चढला. चढणारा कोण? आवाज. रेघ.

हात आपटला. आपटणारा कोण? हात.

तोंडून शब्द गेला. जाणारा कोण? शब्द.

मन दुखावलं गेलं. दुखावलं जाणारं मन, दुखावणारा गायबच. प्रसंग आला नसता. येणारा कोण? प्रसंग. त्याच वाक्यात 'तू विचारलं असतंस' इथं पहिल्यांदा कुणी माणूस सापडलं, आणि ते माणूस चांगुणा होतं.

पानभर लाल रेघा झाल्या. त्या संध्याकाळी विहारात राग आला होता, आवाज आला होता, हात होता, शब्द होता, सगळी मंडळी कामाला लागली होती. मग मी कुठं होतो? सबंध पत्रात मी कर्ता म्हणून एकदाही नव्हतो. मी 'मला' होतो आणि 'माझा' होतो. एवढं सगळं माझ्या अंगावरून होऊन गेलं आणि मी बिचारा सतरंजीवर नुसता बसून होतो, असं त्या पत्रात शुद्ध मराठीत लिहिलं होतं.

पहिल्यांदा मी चिडलो ते भाषेवर. अशी कशी भाषा, जी माणसाला इतक्या सहज निसटू देते? मग लक्षात आलं, आता मी भाषेवर ढकलतोय. दूधवाला झाला, दीपाली झाली, आता भाषा. मला लाज वाटली. वाटणारी कोण? लाज. इथंही मी सुटलो. 'मी लाजलो' म्हणावं तर ते नवरीला शोभतं.

नवा कागद घेतला. लिहिलं, "मी तुझ्यावर सगळ्यांसमोर ओरडलो." ओरडणारा कोण? मी. बसलं. आणि पेन लगेच पुढं सरकून लिहायला लागलं, "कारण तू". मी ते खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा "कारण". तिसऱ्यांदा पूर्णविराम दिला आणि पेन लांब टेबलावर ठेवून दिलं. सातवीची पोरं असं वाक्य चुटकीसरशी लिहितात, मला चार शब्दांना अर्धा तास लागला. चौतीस वर्षं मी राग केला. पोरांवर केला, बायकोवर केला, आणि प्रत्येक वेळी म्हणालो की तो आला. घरात शाळामास्तर असून ही बाई सदतीस वर्षं निरक्षर राहिली, आणि तेही मी 'राहून गेलं' असंच म्हणत आलो होतो. राहून जाणारं कोण?

कागद घडी करून खिशात घातला आणि येडशीची गाडी धरली.

मेहुणा अमृत ओसरीवर बसला होता. मला बघून म्हणाला, "या दाजी," आणि पाणी देऊन काहीतरी काम काढून शेताकडे गेला. चांगुणा सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन फोडत होती. मी पायरीवर उभा राहिलो. कागद खिशात होता, पण तो तिच्या हातात देणं म्हणजे परत कागदानं बोलणं, म्हणून तसाच राहू दिला.

"मी तुझ्यावर सगळ्यांसमोर ओरडलो," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली. "वरडला."

"मी तुला अडाणी म्हणालो. सदतीस वर्षं मी तुला वाचायला शिकवलं नाही, आणि तू शिकलीस तर मी तुला वाचू दिलं नाही."

तिनं मान वर केली नाही. शेंगा फुटत राहिल्या. मी वाट बघत होतो. आता ती म्हणेल, जाऊ द्या. म्हणेल, माझं बी थोडं चुकलंच. किमान बसा तरी म्हणेल. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी असं काही बोललो होतो, तासभर गाडीत हादरे खाऊन आलो होतो, आणि तिनं ते शेंगेसारखं फोडून सुपात टाकलं होतं.

"ऐकलं म्या," ती शेवटी म्हणाली. "सांगितलं ते बरं केलं. येती का न्हाय ते माझं मला ठरवू द्या. लगी लगी हुनार न्हाय."

ही काय रीत झाली? "एवढं मी स्वतःहून येऊन..." मी सुरुवात केली आणि थांबलो. वाक्य पुढं कुठं जाणार होतं ते मला दिसलं. "मी रागावतोय," मी म्हणालो.

तिचे हात थांबले. "कुनावर?"

"तुझ्यावर. तू जाऊ द्या म्हणाली नाहीस म्हणून. पण तू काही केलेलं नाहीस. मीच रागावतोय."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. हे कुठलं नवीन नाटक, असा संशय त्या बघण्यात होता, आणि तो असायलाच हवा होता.

"मग रागवा की," ती म्हणाली. "म्या हितंच बसलीया. उठून जानार न्हाय, आन् तुमचा राग उतरवायला चा बी ठेवनार न्हाय."

मी पायरीवर बसलो. सदतीस वर्षं मी रागावलो की ती उठायची. पाणी आणायची, पोराला बाहेर न्यायची, विषय बदलायची, आणि मला वाटायचं की राग आपोआप गेला. आज ती हलली नाही. राग माझ्या मांडीवर बसला होता आणि तो उचलून घ्यायला कुणी पुढं येत नव्हतं. मनात दहा वाक्यं तयार झाली, सगळी 'तू'नं सुरू होणारी. मी एकही बोललो नाही. हे सोपं गेलं असं म्हणणार नाही, कारण खोटं न बोलण्याचं चौथं शील मी पाळतो. रस्त्यावरून कळंबची गाडी गेली.

"झालं का रागवून?" तिनं विचारलं.

"अजून नाही."

"बरं," ती म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.